कॅसेटवर साल नाही, मग सुवर्णमहोत्सव कशाचा करणार?



जुन्या गाण्यांचे वाढदिवस साजरे करणे हा आता जगभर चांगला चालणारा धंदा झाला आहे. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बम १९६७चा. २०१७मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा कंपनीने नवी आवृत्ती काढली. गाणी नव्याने मिक्स केली, स्टुडिओत बाजूला टाकलेले टेक शोधून काढले, सोबत जाडजूड पुस्तक दिले. मिक्सिंग केले जाइल्स मार्टिन यांनी, मूळ अल्बमचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने. त्याच वर्षी बॉब मार्लीच्या ‘एक्सोडस’ची चाळिशी झाली, तीही मुलाच्या, झिगी मार्लीच्या हातून. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची पंचविशी २००८मध्ये झाली आणि चाळिशी २०२२मध्ये. आपल्यातली पुष्कळ मुले हे सगळे ऐकतात. ऐकावेच.

आता सांगा, भीमगीतांच्या कोणत्या कॅसेटची पंचविशी किंवा चाळिशी झालेली तुम्ही पाहिली? मी हा प्रश्न उरण-पनवेल पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना विचारत असते. उत्तर ठरलेले असते: कंपन्या त्यांच्या, बाजार त्यांचा, ते आपल्याला कशाला विचारतील? हे खोटे नाही. पण हे उत्तर देऊन आपण फार लवकर मोकळे होतो. उद्या एखादी कंपनी खरोखर दारात येऊन म्हणाली, ‘चला, तुमच्या गाजलेल्या कॅसेटचा सुवर्णमहोत्सव करू’, तर पहिला प्रश्न येईल की ती निघाली कोणत्या साली? आणि तिथेच आपली बोलती बंद होईल.

घरातल्या माळ्यावर कॅसेटचा डबा असेल तर काढून बघा. कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो असतो, बाजूला गायकाचा, खाली कंपनीचा पत्ता आणि किंमत. गीतकाराचे नाव नशिबाने असते. ढोलकी कोणी वाजवली, बेंजोवर कोण होते, मागे कोरसमध्ये कोण गात होत्या, याचा पत्ता नसतो. आणि साल तर बहुतेक वेळा नसतेच. काही कव्हरांवर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापलेले मी पाहिले आहे. गाणे १९५६च्या धम्मदीक्षेवर आणि ते म्हणे पारंपरिक! परंपरा एवढ्या लवकर तयार होते का? कोणीतरी माणसाने रात्री जागून ते लिहिले आहे. त्याचे नाव छापायचे नव्हते, म्हणून परंपरेच्या नावावर टाकून दिले.

साल छापणे ही काही कंपनीची मेहेरबानी नव्हती. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२अ आले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे साल दिसले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे कलम नकली कॅसेटवाल्यांना आवरण्यासाठी आले. नेमक्या त्याच काळात भीमगीतांच्या कॅसेटचा पूर आला होता, आणि आपल्या डब्यातल्या कॅसेट बघितल्या तर त्या कायद्याची दखल किती घेतली गेली ते कळते.

साल नसण्याचा फायदा कोणाला होतो, तेही बघून घ्या. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाची मालकी प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालते. म्हणजे १९७५ साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०३६ला सगळ्यांसाठी मोकळी होईल. (त्यातले शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा. तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे.) पण साल माहीतच नसेल, तर मालकी कधी संपते हे कोण सांगणार? मग ती संपतच नाही. तुम्ही घरातली कॅसेट इंटरनेटवर टाकता, दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी मालकीचा दावा येतो आणि तो खरा की खोटा हे तपासायला तुमच्या हातात कागद नसतो.

याच्या उलट चित्र बघा. गीतरामायण. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५पासून वर्षभर चालले, ५६ गीते झाली. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, कल्पनेमागे आकाशवाणीतले सीताकांत लाड. कोणते गीत कोणी गायले, सगळे नोंदलेले आहे. म्हणून पन्नास वर्षे झाली की कार्यक्रम होतात, साठ झाली की पुन्हा होतात. माझे गदिमांशी भांडण नाही, माणूस शब्दप्रभू होता. मला फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. गीतरामायण संपले आणि सहाच महिन्यांत, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात लाखो लोकांनी धर्म बदलला. त्या वर्षी आपल्या वस्त्यांत, चाळींत, गावकुसाबाहेर जी गाणी रचली गेली, त्यांच्यासाठी कोणत्या केंद्राने दर आठवड्याला वेळ राखून ठेवली होती? एका बाजूला प्रत्येक गाण्याची तारीख आहे. दुसऱ्या बाजूला एका अख्ख्या समाजाचा पुनर्जन्म आहे, आणि त्याच्या गाण्यांची तारीखवार वही नाही. ‘अभिजात’ हा शब्द कसा तयार होतो, ते समाजशास्त्राच्या वर्गात मी दोन वर्षे शिकले. खरे सांगायचे तर एवढा एक दाखला पुरला असता. ज्याची नोंद होते ते पुन्हा निघते, जे पुन्हा निघते ते पुढच्या पिढीच्या कानावर पडते, आणि जे कानावर पडत राहते त्यालाच एक दिवस अभिजात म्हणतात.

कॅसेटने हे गणित काही काळ मोडले होते, हेही मान्य करू. तबकड्यांच्या काळात भारतात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. तबकडी काढायला मोठे भांडवल लागे. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि थोडक्या पैशात, गल्लीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण होऊ लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३मध्ये ‘कॅसेट कल्चर’ नावाचे पुस्तक लिहिले, ते उत्तर भारताबद्दल आहे, पण त्यातला मुद्दा आपल्याला तंतोतंत लागू पडतो. ज्यांना एचएमव्हीच्या दारात उभे केले नसते, त्यांचा आवाज बाजारात आला. आपला आवाज घराघरांत पोहोचला तो याच वाटेने. पण ज्या स्वस्ताईने दार उघडले, तिनेच नोंदी खाल्ल्या. रक्कम एकदा हातावर ठेवायची, कागदावर अंगठा किंवा सही, विषय संपला. मूळ टेप पुन्हा पुसून वापरायची. कंपनी चार-पाच वर्षांत बंद. आता ती मूळ टेप कोणाच्या गोदामात आहे, आहे की नाही, कोणाला विचारणार?

हे फक्त आपल्यावर गुदरलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा झुलू गायक होता. गॅलो या रेकॉर्ड कंपनीत कामगार. १९३९मध्ये त्याने ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना दिले. पुढे त्याच चालीवरचे इंग्रजी गाणे जगभर गाजले, डिस्नेच्या ‘लायन किंग’मध्ये गेले. लिंडा १९६२मध्ये गरिबीत मेला. त्याच्या मुलींना २००६मध्ये तडजोडीतून पैसे मिळाले. मिळाले कशामुळे? वकिलांना एक जुना ब्रिटिश कायदा सापडला, लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात असे सांगणारा. म्हणजे सगळा खटला तारखांवर उभा होता! गाणे कोणाचे, कोणत्या साली ध्वनिमुद्रित झाले, माणूस कधी गेला. या तीन गोष्टी कागदावर नसत्या तर मुलींच्या हातात काही पडले नसते.

आता वामनदादांकडे येऊ. वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. चोखोबांपासून चालत आलेली ही रीत आहे. ज्याच्या नावाचे दप्तर कोणी ठेवणार नाही, तो आपले नाव गाण्यातच गुंफून ठेवतो. छापणारा विसरला तरी गाणारा विसरणार नाही, हा त्यामागचा हिशेब. आणि आपण काय केले? गाणे डीजेवर बसवायला तीन मिनिटांत आणले आणि शेवटचे कडवे कापले. वामनदादांनी कंपनीच्या हातून वाचावे म्हणून जे नाव गाण्यात शिवून ठेवले होते, ते आपल्याच पोरांनी उसवले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात बॅनर किती लागले! त्यांच्या कोणत्या गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण कोणते, कोणाच्या आवाजात, कोणत्या साली, एवढी साधी यादी किती बॅनरवाल्यांकडे होती?

पुन्हा काय निघते आणि काय निघत नाही, यातही एक निवड असते. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे. आषाढी आली की त्यांचा आवाज महाराष्ट्रभर लागतो, विठ्ठलाची गाणी दरवर्षी नव्या वेष्टनात येतात. त्याच गळ्यातून निघालेली बाबासाहेबांची गाणी तेवढ्या निगुतीने कधी बाजारात आली? विठ्ठल उमप यांचेही तेच. आमच्या उरणच्या आगरी-कोळी पट्ट्यात कोळीगीतांमुळे त्यांचे नाव घराघरांत आहे. पण ते आंबेडकरी शाहीर होते, २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले, हे हळदीच्या मांडवात त्यांच्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? गळा ठेवून घेतला, विचार वजा केला. सुषमा देवी, वैशाली शिंदे यांच्यासारख्या गायिकांबद्दल तर बोलायलाच नको. बाईच्या आवाजावर जयंती गाजते, पण तिच्यावर लेख शोधायला गेलात तर हात रिकामेच राहतात. कडूबाई खरात यांना लोकांनी मोबाइलवर डोक्यावर घेतले. तीस वर्षांनी कोणी त्यांच्यावर काम करायला बसला, तर त्याला त्या व्हिडिओच्या तारखा तरी मिळतील का?

विलास घोगरे यांचे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला पोलिसांनी दहा जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत या शाहिराने गळफास घेतला. त्यांचा आवाज आज आपल्यापाशी आहे, कारण आनंद पटवर्धन यांनी तो आधीच आपल्या माहितीपटात टिपून ठेवला होता आणि पुढे चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. कोण, कुठे, केव्हा गात आहे, हे त्यात दिसते. आपल्या शेकडो शाहिरांच्या वाट्याला असा एक कॅमेरा आला नाही.

आमच्यातला एक वर्ग यावर लगेच म्हणतो, ‘गाणी चळवळीची आहेत, त्यावर नाव आणि मालकी कशाला? ज्याला जसे वाजवायचे तसे वाजवू द्या.’ ऐकायला हे क्रांतिकारी वाटते. पण हे बोलणारा माणूसच यूट्यूबवर दुसऱ्याचे गाणे टाकून कोपऱ्यात स्वतःच्या चॅनेलचा लोगो चिकटवतो, दावा येऊ नये म्हणून गाण्याचा वेग थोडा वाढवतो आणि वर ‘नॉनस्टॉप भीमगीते’ असे लिहून मोकळा होतो. मालकी नको म्हणतो आणि जाहिरातीचे पैसे घेतो! गीतकाराचे नाव लिहिणे म्हणजे मालकी देणे नव्हे. कायदासुद्धा हा फरक करतो. हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, ते कलम ५७. गायक-वादकांसाठी तसाच अधिकार २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८ब मध्ये आला. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वधनातला निम्मा वाटा करारात सोडून देता येत नाही असे ठरवले. हे आपल्या नव्या गायकांना कोणी समजावून सांगितले आहे का? आजही स्टुडिओत एकरकमी पैसे घेऊन ते सही करतात, जशी त्यांच्या बापाने केली होती.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पेनड्राइव्ह मिळतात, हजार-हजार गाणी भरलेले. मीही घेतले आहेत. फाइलचे नाव ‘ट्रॅक ०४७’. एवढ्या प्रेमाने जमवलेला ठेवा आणि त्यात एकाही माणसाचे नाव नाही. आणि तिथूनच चार पावलांवर, मंचावरचा वक्ता बाबासाहेबांचे जलशाबद्दलचे ते प्रसिद्ध वाक्य टाळ्यांसाठी फेकत असतो. भाषणांपेक्षा जलसा मोठा, हे आपल्याला पाठ आहे. त्या जलशात तुणतुणे कोणाच्या हातात होते, हे विचारायची गरज आपल्याला भासत नाही.

आपल्याला नोंदी ठेवता येत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. वसंत मून यांनी बाबासाहेबांची हस्तलिखिते, भाषणे, पत्रे धुंडाळली, तपासली, तारखा लावल्या. १९७९मध्ये महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड आला आणि पुढे मालिका उभी राहिली. त्या खंडांचे पुनर्मुद्रण रखडले तेव्हा आपण ओरडलो, २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुनर्मुद्रण हा हक्काचा प्रश्न आहे हे आपल्याला पुस्तकांच्या बाबतीत कळते. गाण्यांच्या बाबतीत का कळत नाही? गाणे अडाण्यांचे आणि ग्रंथ शहाण्यांचे, हा भेद आपण कोणाकडून उचलला? शर्मिला रेगे यांनी गायनपार्ट्या आणि जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तिका हा ज्ञानाचा साठा आहे म्हणून अभ्यासल्या, तेव्हा कुठे विद्यापीठाचे लक्ष गेले. आमचे लक्ष त्याआधी जायला हवे होते.

काम करण्याजोगे आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. साल छापलेले नसले तरी काढता येते. कव्हरवर पत्त्यात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’ ते बघा, नाव १९९५मध्ये बदलले. फोन नंबर आठ आकडी असेल तर २००२च्या नंतरचे कव्हर, कारण तेव्हा मुंबईच्या नंबरांना पुढे २ लागला. पिनकोड असेल तर १९७२च्या अलीकडचे. मग गाणे नीट ऐका. नामांतराची मागणी आहे की विजय? ठराव १९७८चा, अंमल १४ जानेवारी १९९४चा, म्हणजे मधली सोळा वर्षे हाती लागली. भारतरत्नाचा उल्लेख असेल तर १९९० उलटले आहे. रमाबाई नगर असेल तर जुलै १९९७. यावरून अचूक साल मिळणार नाही, पण दोन सालांमधली जागा नक्की मिळते. पुढचे काम माणसांना विचारून होते. गायनपार्टीत ढोलकी वाजवणारे, टाळी धरणारे अजून हयात आहेत. सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आधी गाठा.

कॅसेट हाताळताना घाई नको. आमच्याकडे खाडीची दमट हवा, वर पावसाळा, त्यामुळे टेपवर पांढरी बुरशी धरते. अशी टेप तशीच प्लेअरमध्ये टाकली की हेड खराब होते आणि ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या. टेपखालची फेल्टची पट्टी गळून पडलेली असेल तर टेप नव्या खोक्यात बसवता येते. उतरवून घेताना एमपी३ करू नका, वेव्ह फाइल ठेवा. आवाज स्वच्छ करायचा मोह झाला तर तो प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि ध्वनीच्या आधी कव्हरचे दोन्ही बाजूंनी फोटो. ‘कव्हर फाटले होते म्हणून फेकून दिले’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की आता राग येतो.

हे सगळे आताच का, तर २० मार्च २०२७ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. २५ डिसेंबर २०२७ला मनुस्मृती दहनाला. महाड आमच्याच रायगड जिल्ह्यात. त्या वर्षी प्रत्येक कंपनीला, प्रत्येक चॅनेलला आपली आठवण येईल. ‘शताब्दी विशेष’ म्हणून निळ्या कव्हरात जुनीच गाणी येतील, नावे गाळलेली, शेवटची कडवी कापलेली, ‘पारंपरिक’ छापलेली. तेव्हा निषेधाचे पत्रक काढायला कागद-शाई फार लागणार नाही. पण पत्रकात लिहायचे काय? ‘हे गाणे अमक्याचे आहे, अमक्या साली अमक्याने गायले, ढोलकी अमक्याची होती, हा घ्या पुरावा’ असे लिहायचे असेल तर तो पुरावा त्याच्या आत जमला पाहिजे. आणि जमला, तर मग कंपनीची वाट कशाला पाहायची? हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना, गीतकारांच्या वारसांना विचारून, नावानिशी, सालानिशी आपली आवृत्ती आपण काढू.

उरण, पनवेल, पेण, अलिबागकडच्या साथींना विनंती आहे. येत्या रविवारी विहारातली वंदना झाली की घरोघरच्या कॅसेटची चौकशी करा. एक वही घाला. कॅसेटचे नाव, कंपनी, पत्ता, किंमत, गायक, गीतकार, वादक आणि ती घरात कोणी, कुठून, कधी आणली, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना गाळू नका. लग्नाच्या साली आणली, अमक्याच्या पहिल्या पगारातून घेतली, असे काही म्हातारीला पक्के आठवत असते आणि बऱ्याच वेळा साल त्यातूनच निघते.

जय भीम.